गालिच्याला पाणी लागण्याआधी: व्हॅक्यूम नीट कसा मारायचा

गालिचा धुणाऱ्यांना फोन करून तारीख ठरली की बहुतेक घरांत पुढचं सगळं त्यांच्यावर सोडून दिलं जातं. ते येतील, शाम्पू मारतील, मशीन फिरवतील, झालं. निदान आपल्या खानदेशात तरी असं सोडून देऊ नये. इथला गालिचा धुऊन चांगला निघणार की नाही, ते पाणी लागायच्या आधीच बरंचसं ठरलेलं असतं.

कारण आपली माती. तापी, गिरणा, पांझरेच्या खोऱ्यातल्या काळ्या कपाशीच्या जमिनीचं पाऊस पडल्यावर काय होतं, ते वावरात एकदा तरी चप्पल घालून गेलेल्या माणसाला सांगायला नको. या मातीतला चिकण भाग पाणी पिऊन फुगतो आणि वाळला की आक्रसतो. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या त्यामुळेच. हीच माती वाळून, दळून, धूळ होऊन खिडकीतून आणि चपलांच्या तळाला लागून घरात येते आणि गालिच्याच्या लवेत, म्हणजे वरच्या उभ्या धाग्यांत, जाऊन बसते. कोरडी आहे तोवर ती नुसती धूळ आहे, हवेने ओढली तर निघते. तिच्यावर शाम्पूचं पाणी पडलं की तिचा गारा होतो आणि तो धाग्याच्या मुळाशी चिकटतो. मग कितीही दमदार मशीन आणा, वरचं पाणी ओढलं जातं आणि तळाचा गारा तसाच राहतो. गालिचा वाळताना ओल खालून वर चढते, तिच्याबरोबर हा मळही वर येतो. दोन दिवसांनी घरातली माणसं म्हणतात, ‘धुतला तेव्हा छान दिसत होता, परत काळा कसा पडला?’

काळ्या मातीशिवाय गावागावाची आपापली भर असतेच. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या बाजूला राहणाऱ्यांना कोळशाच्या राखेचं वेगळं सांगायला नको. ती फार बारीक असते, लवेत खोल उतरते. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांच्या, आसपास कापसाच्या हंगामात रुईचे तंतू उडतात. ते वर तरंगतात, पण केसांबरोबर गुंतून धूळ धरून ठेवतात. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे हायवेकडेच्या घरांत ट्रकच्या धुराची काजळीही असते. काजळी तेलकट, ती व्हॅक्यूमने पूर्ण निघत नाही. ते काम शाम्पूचं. पण बाकीची सगळी कोरडी धूळ काढणं हे आपलं काम आहे, आणि ते धुण्याच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी करायचं.

आधी गालिचा उलटून पाठ बघा

मशीन काढण्याआधी एक कोपरा उलटा करा. पाठीवरून कळतं की या गालिच्याला किती जोर सोसेल.

पाठीवरही तेच नक्षीकाम स्वच्छ दिसत असेल, बारीक गाठी हाताला लागत असतील, तर तो हाताने विणलेला आहे. भदोही-मिर्झापूरकडून येणारे लोकरीचे चांगले गालिचे असे असतात. हे दणकट असतात, पण फिरत्या ब्रशचा त्यांना त्रास होतो आणि दशा, म्हणजे टोकांचे मोकळे लोंबते धागे, तर लगेच तुटतात. पाठीला मांजरपाटासारखं कापड चिकटवलेलं असेल, तर आत रबरी डिंकाचा थर आहे असं समजा. दुकानात हाही ‘हँडमेड’ म्हणूनच विकतात, पण यात धागे बंदुकीसारख्या हत्याराने टोचून मागून चिकटवलेले असतात. आपल्याकडच्या उन्हाने तो डिंक काही वर्षांत कडक होऊन भुगा व्हायला लागतो. खाली फरशीवर पांढरट पूड सांडलेली दिसली तर ती मातीची नाही, त्या डिंकाची आहे. असा गालिचा अजिबात बडवू नका, आणि धुणाऱ्यांना ती पूड आधीच दाखवा.

बाजारात सर्रास मिळणारे प्लास्टिक धाग्याचे, मशीनवर विणलेले गालिचे सगळ्यात सोपे. दरी आणि सतरंजीला लवच नसते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम मारला, एकदा झटकली की झालं. लांब केसांच्या शॅगी गालिच्याला मात्र फिरता ब्रश लावू नका. केस गुंडाळले जाऊन मशीन जागेवर अडकतं. ऑफिसात किंवा डॉक्टरांच्या केबिनमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेलं कार्पेट असतं, ते उलटता येत नाही. त्याला पुढून दुप्पट वेळ द्या.

मशीनची तयारी

व्हॅक्यूम ओढत नाही अशी तक्रार करणाऱ्या दहा घरांपैकी नऊ घरांत पिशवी भरलेली असते. पिशवी किंवा डबा निम्मा भरला की ओढ कमी व्हायला लागते, म्हणून काम सुरू करण्याआधी रिकामा करा आणि मोठा गालिचा असेल तर मध्येही एकदा करा. कापडी पिशवी घराबाहेर उलटी करून झटका. फिल्टर धुता येणारा असेल तर आदल्या दिवशी धुऊन पूर्ण वाळू द्या. ओला फिल्टर लावला की धुळीचा लगदा होऊन तो कायमचा बसतो. नळी प्रकाशाकडे धरून आरपार बघा. आत मोजा, रबरबँड, पोरांनी कोंबलेला कागद, काहीही सापडतं.

आता नळीच्या टोकाला जे रुंद तोंड असतं, त्याच्यावर पायाने दाबायचा एक खटका असतो. तो एका बाजूला दाबला की केसांची पट्टी बाहेर येते, ती फरशीसाठी. दुसऱ्या बाजूला दाबला की पट्टी आत जाते आणि तोंड गालिच्याला थेट टेकतं. आपल्याकडे बाराही महिने फरशीच पुसली जाते, म्हणून खटका फरशीवरच राहतो आणि लोक त्याच केसांच्या पट्टीने गालिच्यावरून नुसता हात फिरवतात. तो खटका बदलला तरी निम्मा फरक दिसतो.

बहुतेक घरातल्या डब्याच्या व्हॅक्यूमला फिरता ब्रश नसतोच, फक्त ओढ असते. त्यामुळे लव उभी करून धूळ सैल करण्याचं काम आपल्याला करावं लागतं. कपडे घासायच्या ब्रशपेक्षा थोडा मऊ, कोरडा ब्रश घ्या. लोकरीच्या गालिच्याला प्लास्टिकचे टोकदार केस नकोत.

विजेचंही बघा. मशीनवर १४०० वॅट किंवा त्याहून जास्त आकडा असेल तर मोठ्या, १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. छोट्या ६ अँपिअरच्या सॉकेटची क्षमता २३० व्होल्टला १३८० वॅटच भरते. गुंडाळलेली एक्स्टेन्शनची वायर पूर्ण सोडून घ्या, वेटोळ्यात ती तापते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर असतो, तेव्हा मोटर लवकर गरम होऊन आपोआप बंद पडते. ती बिघडलेली नसते, निवू द्या. त्यापेक्षा काम सकाळी करा. दुपारी वारा सुटला की दारं-खिडक्यांतून आत येणारी धूळ आपल्या हातांपेक्षा वेगवान असते.

खोली

कूलर बंद. ही आपल्याकडची पहिली अट. कूलरच्या हवेत ओल असते, ती गालिचा धरून ठेवतो आणि दमट धूळ सुटत नाही. आदल्या रात्रीपासून कूलर बंद ठेवता आला तर उत्तम, नाहीतर निदान काम सुरू करायच्या तीन-चार तास आधी. पंखा फुल करून गालिच्यावर फिरू द्या, पण पंख्याची पाती आधी पुसून घ्या. पाती, जाळ्या, पडदे, सोफ्याच्या गाद्या हे सगळं वरून खाली उरकायचं आणि मग थोडा वेळ थांबायचं. उडालेली धूळ खाली बसायला वेळ लागतो, ती गालिच्यावरच बसते.

सडा शिंपडल्यासारखं पाणी मारून झाडायची सवय अंगणात ठीक आहे. गालिच्यावर एक थेंबही नको.

सोफा, टीपॉय, शोकेस जेवढं हलेल तेवढं हलवा. हाताने एकदा पूर्ण गालिचा चाचपून घ्या: पिना, टाचण्या, पैसे, बांगडीच्या काचा, भुईमुगाची टरफलं. लग्नाची गर्दी येऊन गेलेली असेल तर तांदळाच्या अक्षता लवेत नक्की सापडतील. टाचणी नळीत गेली तर कापडी पिशवीला भोक पाडते, आणि मग धूळ पुढून ओढून मागून परत खोलीत.

डागांना हात लावू नका. वाळून कडक झालेलं काही असेल, शेवभाजीचा रस्सा किंवा मेणबत्तीचं मेण, तर चमच्याच्या बोथट बाजूने वरचा थर अलगद खरवडा आणि तो ओढून घ्या. घासू नका. डाग ओला असेल तर तिथे साधा व्हॅक्यूम नको, मोटरमध्ये पाणी जाईल.

पाठीकडून सुरुवात

उचलता येणाऱ्या गालिच्याची खरी सफाई पाठीकडून होते, आणि नेमकी हीच पायरी सगळे गाळतात.

गालिचा स्वच्छ फरशीवर पालथा घाला. शक्यतो गच्चीवर नको, तिथली धूळ परत लागेल. आता पाठीवरून व्हॅक्यूमचं रुंद तोंड हळूहळू फिरवा. इथे ओढीपेक्षा थरथर महत्त्वाची. हाताच्या तळव्याने पाठीवर थापट्या मारत गेलात तरी चालतं. लवेच्या मुळाशी बसलेली माती खालच्या बाजूला, लवेच्या टोकांकडे सरकते आणि गळून पडते. एक फेरी झाली की गालिचा कडेने उचलून बाजूला करा. खाली फरशीवर गालिच्याच्याच मापाचा मातीचा चौकोन दिसेल, सोफ्यासमोरच्या आणि दाराकडच्या भागात जास्त दाट. ती माती झाडूने नव्हे, व्हॅक्यूमनेच गोळा करा. बोटांत घेऊन चोळून बघा: बारीक कचकच लागते ना? ती रेती. चालताना पायाखाली ती धाग्याच्या मुळाशी घासते आणि धागे झिजवते. येण्याजाण्याच्या वाटेवर गालिचा आधी विरळ होतो तो बऱ्याच अंशी या रेतीमुळे.

परत पालथा घाला, परत मारा. खाली मातीचा चौकोन फिका पडेपर्यंत. नव्या गालिच्याला दोनदा पुरतं. वर्षानुवर्षं न उचललेल्याला चार-पाच फेऱ्याही लागतात. कंटाळा येतो, पण इथे गेलेली अर्धी वाटी माती म्हणजे उद्याच्या पाण्यातला तेवढाच कमी गारा.

गाठींचा गालिचा, दरी किंवा सतरंजी असेल तर जुनी रीतही चांगली आहे: अंगणात दोरीवर किंवा कठड्यावर टाकून काठीने बडवायची. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी घरोघर हे चालायचं, आणि गावाकडे अजून चालतं. फक्त काठी गुळगुळीत हवी, मार पाठीवर बसावा, आणि वाऱ्याची दिशा बघून उभं राहा. उन्हात टाकायचाच झाला तर पालथा टाका. मे महिन्याच्या उन्हात तासन्‌तास सुलटा पडलेला गालिचा लाल रंग गमावतो.

दमा किंवा धुळीची ॲलर्जी असलेल्यांना या वेळी शेजारी चहाला पाठवा. मास्क तुम्हीही लावा.

सुलट बाजू: हळू, आणि उलट्या लवेने

गालिच्यावर हात फिरवा. एका दिशेने हात सरकतो, लव झोपते, रंग उजळ दिसतो; दुसऱ्या दिशेने लव उभी राहते, रंग गडद होतो. दुसरी दिशा म्हणजे उलटी लव. धूळ निघते ती या दिशेने ओढताना.

दारापासून लांबच्या टोकाकडून सुरुवात करा आणि दाराकडे मागे येत चला, म्हणजे साफ केलेल्या भागावर पाय पडणार नाही. तोंड पुढे ढकलताना सैल हात, मागे ओढताना सावकाश. एक हात लांबीचा पट्टा मागे आणायला तीन-चार सेकंद लागायला हवेत. झाडू मारल्यासारखं सटासट पुढे-मागे केलं तर वरची रुई आणि केस येतात, माती खालीच राहते. दाबायची गरज नाही. जोरात दाबलं तर तोंड चिकटतं, हवा आत येत नाही आणि हवाच आली नाही तर धूळ कशाबरोबर येणार? तोंड फार चिकटत असेल तर दांड्यावरची छोटी सरकपट्टी थोडी उघडा.

पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. पूर्ण गालिचा उभ्या दिशेने मारून झाला की कोरड्या ब्रशने उलट्या लवेने हलकं विंचरा आणि आता तोच गालिचा आडव्या दिशेने मारा. शेवटची फेरी लवेच्या सुलट दिशेने, म्हणजे धुणाऱ्यांना एकसारखी लव मिळते. दार, सोफ्यासमोर पाय ठेवायची जागा, टीव्हीसमोर पोरं लोळतात तो तुकडा, इथे चार-पाच फेऱ्या जास्त. कोपऱ्यात, जिथे कधी कुणी पाय ठेवत नाही, तिथे एक फेरी पुरे. सगळीकडे सारखा वेळ देण्यात अर्थ नाही.

सहा बाय नऊ फुटांच्या गालिच्याला पाठ-पोट धरून पाऊण तास तरी धरा. दहा मिनिटांत होत असेल तर झालेलं नाही.

दशांवर तोंड फिरवू नका. नळीवर पायमोज्याचं पातळ कापड किंवा जुन्या ओढणीचा तुकडा रबरने बांधा आणि दशांवरून आतून बाहेर अशी ओढत न्या. धूळ जाते, धागे आत जात नाहीत.

काठ आणि अंधाऱ्या जागा

भिंतीलगतचा काठ, सोफ्याखालचा भाग, शोकेसच्या पायांभोवती रुंद तोंड पोहोचत नाही. तिथे चोचीसारखं निमुळतं तोंड लावा. लोकरीच्या गालिच्याला कसर लागते ती याच जागी, कारण तिला अंधार आणि शांतता लागते. लव टकलीसारखी खाल्लेली, तांदळाच्या कण्यांसारख्या बारीक कोशांची रेघ, किंवा तपकिरी अळीची कात दिसली तर समजा कसर आहे. तो भाग दोन्ही बाजूंनी ओढून घ्या, पिशवी लगेच घराबाहेर रिकामी करा आणि धुणाऱ्यांना सांगा. कसरीवरचं औषध त्यांनी त्यांच्या हिशेबाने मारलेलं बरं.

झालं का, हे कसं ओळखायचं

बोटांनी लव दुभंगून मुळाशी बघा, भांग पाडल्यासारखी. मुळाशी राखाडी थर दिसतोय का? मग दाराजवळच्या भागाखाली वर्तमानपत्र सरकवा आणि गालिच्यावर मुठीने चार ठोसे द्या. कागदावर माती पडली तर परत पाठीकडे जा. सकाळचं तिरपं ऊन खिडकीतून येत असेल तर आणखी सोपं: गालिच्यावर एक थाप मारा आणि उन्हाच्या झोतात किती धूळ उडते ते बघा.

थोडी उडणारच. शंभर टक्के कोरडा साफ झालेला गालिचा मी पाहिलेला नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. खायचा सोडा किंवा टाल्कम पावडर भुरभुरवून व्हॅक्यूम मारायचे उपाय मोबाईलवर फिरत असतात. वास जातो हे खरं, पण पावडर एवढी बारीक की ती पूर्ण निघत नाही, फिल्टर मात्र बुजतो. उद्या पाणी लागणार असताना आज नवी पूड घालायची कशाला?

धुणारे आले की

त्यांनाही एकदा व्हॅक्यूम मारायला सांगा. त्यांचं मशीन जास्त ताकदीचं असतं, आणि तुमचं आधी झालेलं असलं तर त्यांचं काम दहा मिनिटांत होतं. ‘शाम्पूतच निघेल हो’ म्हणत थेट फवारा घेणाऱ्याला तिथेच थांबवा. चांगला कारागीर यावर रागावत नाही.

डागांची यादी तोंडी सांगा, कशाचा आणि किती जुना. रावेर-यावलकडची मंडळी असाल तर केळीचा चीक आवर्जून सांगा. तो वाळून काळा-तपकिरी पडतो आणि साध्या शाम्पूला दाद देत नाही. न सांगता त्यावर गरम पाणी पडलं तर आणखी पक्का बसण्याची भीती. हळद, चहा, पोरांनी सांडलेली शाई, सगळं सांगा. लाल गालिच्याचा रंग सुटतो का, ते एका कोपऱ्यात ओलं पांढरं फडकं दाबून आधी बघायला सांगा.

दिवस निवडताना पावसाळा टाळा. श्रावणात धुतलेला जाड गालिचा तीन दिवस ओला राहतो आणि कुबट वास धरतो. दिवाळीनंतरची थंडी किंवा मार्च चांगला. हवा कोरडी, पंख्याखाली काम होतं. मे महिन्यात वाळतो झटपट, पण खिडक्या उघड्या ठेवल्या तर ओल्या लवेवर नवी धूळ चिकटते, म्हणून वाऱ्याच्या बाजूची खिडकी बंद.

फर्निचर परत ठेवताना घाई करू नका. ठेवावंच लागलं तर लाकडी पायांखाली प्लास्टिकचे तुकडे घाला, नाहीतर पॉलिशचा तपकिरी गोल डाग ओल्या गालिच्यात उतरतो आणि लोखंडी पायांचा गंज तर निघतच नाही. तुकडे गालिचा मुळापर्यंत वाळला की काढा, वरून हात कोरडा लागला म्हणून नव्हे.